बंद बरणीतला ओलावा

१

बरणीच्या तोंडावरची लाख शाबूत होती, कपाटाचं कुलूप शाबूत होतं, आणि तरीही सृष्टीच्या यंत्रावर भलताच आकडा उमटत होता.

रोहिणीबाई पूर्णेहून पॅसेंजरनं पेडगावला उतरल्या आणि पायी केंद्रात पोचल्या, तेव्हा दहा वाजून गेले होते. उन्हानं डोकं तापलं होतं. आत येऊन पदरानं तोंड पुसतात न पुसतात, तोच सृष्टीचा आवाज आला.

"मावशी, आधी इकडं या. मेलो आपण."

पेडगावची ही इमारत रोहिणीबाईंना घरच्यासारखी. बत्तीस वर्षं त्या इथंच सरकारी गोदामात धान्याची प्रतवारी करत होत्या. पुढं गोदाम बंद पडलं आणि त्याही निवृत्त झाल्या. मग शासनानं जिल्ह्याला एक नवोपक्रम केंद्र दिलं, या पडक्या गोदामाला पत्रे आणि वीज मिळाली आणि आसपासच्या गावांतली अकरा पोरंपोरी इथं यंत्रं जुळवत बसू लागली. धान्याची पारख असलेलं माणूस हवं म्हणून रोहिणीबाईंना आठवड्यातले दोन दिवस बोलावणं आलं. त्याच जागी त्या पुन्हा आल्या, फक्त आता पोत्यांऐवजी टेबलं होती.

सृष्टी इथल्याच गावची, चोवीस वर्षांची. तिचं यंत्र टिफिनच्या डब्याएवढं. वाटीत मूठभर सोयाबीन टाकायचं, झाकण लावायचं, की दाण्यात किती टक्के ओलावा आहे ते दिसतं. शेतकऱ्याला हा आकडा घरच्या अंगणातच कळला, तर माल वाळवूनच मोंढ्याच्या बाजारात न्यावा की नाही हे तो ठरवील आणि तिथं ओलाव्यावरून हुज्जत होणार नाही. आज दुपारी तीन वाजता मंत्रालयातून तपासणीची समिती यायची होती. दोन वर्षांत एकही वापरण्याजोगी वस्तू निघाली नाही, तर केंद्र गुंडाळून सामान मोठ्या शहरातल्या केंद्रात न्यायचं, असं पत्र आधीच आलं होतं. अकरा जणांची सगळी भिस्त या एका डब्यावर होती.

"काय झालं ते सांग. रडायलीस कशाला?"

"प्रयोगशाळेनं चार बरण्या सीलबंद पाठवल्या होत्या ना आठ दिवसांमागं? एकाच ढिगातल्या. दाखल्यावर लिवलंय, ओलावा दहा पॉइंट दोन. तीन समितीसमोर फोडायच्या, एक आपल्या सरावाची. ती आज सकाळी फोडली. यंत्र म्हणतंय, तेरा पॉइंट चार!"

"पुन्हा बघितलंस?"

"बघितलं. पुन्हा मूठ घेतली, बारा पॉइंट नऊ. पुन्हा घेतली, बारा पॉइंट तीन. दर वेळी नवा आकडा. यंत्र पार बिघडलंय, मावशी. परवापर्यंत मी पन्नास वेळा तपासलं, एकदा चुकलं न्हाई."

केंद्राचा व्यवस्थापक विरेश शेजारी उभा होता. तिशीतला शांत मुलगा, पण आज त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं.

रोहिणीबाईंनी चष्मा लावला आणि यंत्र उलटं केलं. तळाला चार स्क्रू होते. तीन काळपट. चौथ्याच्या खाचेत ताजा, चकचकीत ओरखडा होता.

"सृष्टी, तू हे उघडलं होतंस का काल?"

"महिन्यात हात न्हाई लावला खालून."

"मग दुसऱ्या कुणीतरी उघडलंय," रोहिणीबाई म्हणाल्या.

२

रखवालदार सिताराम साठीकडे झुकलेला, जुन्या गोदामापासूनचा माणूस. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला.

"सिताराम, काल संध्याकाळी यंत्राच्या खोलीत कोण कोण गेलतं?"

सिताराम घुटमळला. विरेशकडे चोरून पाहिलं. "आता काय सांगावं, बाई..."

"खरं तेच सांग."

"आपल्या पोरांतला परमेश्वर होता सात वाजेपर्यंत. फवारणीच्या पंपाचं काम करायला. आन्..." तो थांबला. "आन् साहेबांचे वडील आलते. मन्मथअप्पा. साडेसहाला. पावतास खोलीत एकलेच होते."

मन्मथअप्पांची परभणीच्या मोंढ्यात धान्याची अडत होती, चाळीस वर्षांची. ओलावा जास्त म्हणून भाव पाडायचा, ही तिथली रोजची रीत. शेतकऱ्याच्या हातात हा डबा आला तर सगळ्यात आधी कुणाची पंचाईत होणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

सृष्टीनं मात्र बोलून दाखवलं. "तरीच! तुमी मला सांगितलं का सर, की अप्पा येऊन गेले? का न्हाई सांगितलं?"

"मलाच माहीत नव्हतं," विरेश हळू आवाजात म्हणाला.

"बापाचं दुकान वाचवायला पोरगं केंद्राचा साहेब होऊन बसलंय! समितीसमोर मी सांगणार. जे झालं ते सगळं सांगणार."

विरेश खाली पाहत उभा राहिला. त्यानं ना प्रतिवाद केला, ना राग दाखवला. रोहिणीबाईंना ते खटकलं. निरपराध माणूस उसळतो, अपराधी सारवासारव करतो. हा दोन्ही करत नव्हता.

"सृष्टी, तोंडातून गेलेला शब्द परत येत नसतो," त्या म्हणाल्या. "सिताराम, काल खोलीला कुलूप कुणी लावलं?"

"मीच. सातला परमेश्वर गेला की लगेच. सकाळी मीच काढलं. बरण्यांचं कपाट तर अलगच हाय, बाई. समिती येणार म्हणून रंगकाम काढलंय न्हाई का आठ दिवसांपासून, तवापासून ते इन्व्हर्टरच्या खोलीत ठेवलंय. तिथं रंगारीबी जात न्हाईत."

विरेशनं फोन काढला, बाजूला जाऊन दोन वाक्यं बोलला आणि परत आला.

"अप्पा यायलेत," तो म्हणाला. "म्हणाले, बरं झालं बोलावलंस. मलाच यायचं होतं, एक गोष्ट सांगायची राहिलीय."

३

मन्मथअप्पा आले तेव्हा साडेअकरा झाले होते. धुवट धोतर, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात कापडी पिशवी. सगळ्यांचे चेहरे त्यांनी एकदा पाहिले आणि न सांगताच खुर्ची ओढून बसले.

"विचारा, बाई."

"काल इथं कशाला आलतात, अप्पा?"

"पोरीचं यंत्र बघायला. रुमालात दुकानातलं सोयाबीन बांधून आणलं होतं. आमच्या मोंढ्यातल्या यंत्रावर ते नऊ पॉइंट आठ होतं. म्हणलं, बघू हे काय सांगतंय."

"आन् काय सांगितलं?"

"नऊ पॉइंट आठ." अप्पा क्षणभर हसले. "लय तसल्ली झाली."

"तुमाला कशाची तसल्ली?" सृष्टी फणकारली. "तुमचं तर नुकसान!"

अप्पांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "पोरी, चाळीस वर्षं मी ओलाव्यावरून चोर म्हणवून घेतलंय. कधी माझं यंत्र खरं असतं, कधी शेजारच्याचं खोटं असतं, शिवी मात्र दोघांनाबी सारखीच. शेतकरी आपल्या घरून आकडा घेऊन आला तर मला ओरडायचं काय कारण? मी गुपचूप आलो ते एवढ्यासाठी, की व्यापारी बघून गेला म्हणल्यावर लोक म्हणतील, यंत्र विकत घेतलं यानं."

ऐकायला बरं वाटत होतं, पण पुरावा काय? आणि ओरखडा कुणाचा?

"तुमी यंत्र उघडलं का, अप्पा?"

"मला स्क्रू कुठला कळायलाय? दाणे वाटीत तसेच ठेवून मी निघालो. पण बाई, तेच सांगायचं राहिलं होतं. मी दारातून बाहेर पडायलो तवा ते पंपवालं पोरगं आत चाललं होतं. त्याच्या हातात पेचकस होता."

सगळ्यांच्या माना एकदम परमेश्वरच्या टेबलाकडे वळल्या. टेबलावर पंप अर्धा उघडा पडला होता. खुर्ची रिकामी होती. सिताराम धावत बाहेर गेला आणि तसाच परत आला.

"बाई, त्याची गाडी न्हाई. सृष्टीताईचा आरडाओरडा ऐकला आन् निघूनच गेला की!"

४

परमेश्वर फार लांब गेला नव्हता. रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीमागे लिंबाखाली बसला होता. समोरचा चहा तसाच गार झाला होता. रोहिणीबाईंना येताना पाहून तो उठला नाही, फक्त मान खाली घातली.

रोहिणीबाई त्याच्या शेजारी बाकड्यावर टेकल्या. चालून चालून त्यांना धाप लागली होती.

"समितीसमोर मग तुझाच पंप दाखवला असता, सृष्टीचं यंत्र पडलं तर. लोक हेच म्हणणार," त्या म्हणाल्या. "ते म्हणायच्या आधी तू सांग."

"पाडलं मी," परमेश्वर पुटपुटला.

"काय?"

"यंत्र पाडलं, मावशी. हातातून. खरंच पाडलं. अप्पांना एवढं बारकाईनं काय बघायचं होतं म्हणून मी ते उचललं, आन् टेबलाच्या कडेला आपटून खाली पडलं. आतून खुळखुळ वाजायलं. माझ्या पायाखालची जमीनच गेली. स्क्रू काढले, बघितलं तर एक तार सुटली होती. तेवढी डाग देऊन जोडली आन् बंद केलं. तिला सांगायला जीभच रेटेना. सकाळी ती रडायली तवा वाटलं, झालं, अकरा जणांचं वाटोळं मी केलं."

"जोडल्यावर तपासलंस का?"

"तपासलं की! अप्पांचे दाणे वाटीतच होते. पाडायच्या आधी आकडा दिसत होता नऊ पॉइंट आठ. जोडल्यावर पुन्हा लावलं, तरीबी नऊ पॉइंट आठ. म्हणून तर दाणे काढून टाकले आन् मी घरी जाऊन झोपलो. आन् सकाळी तेरा कसं दाखवायलंय, देवालाच ठाऊक!"

रोहिणीबाईंनी फाटकाकडे पाहिलं. मालगाडी चालली होती, डबे मोजल्यासारखे एकामागून एक जात होते. दोन माणसं, एकमेकांशी संगनमत नसलेली. दोघांचाही आकडा एकच. म्हणजे काल सातला यंत्र ठणठणीत होतं. सातला कुलूप लागलं. आणि सकाळी...

तेरा पॉइंट चार. बारा पॉइंट नऊ. बारा पॉइंट तीन.

त्या ताडकन उठल्या. "परमेश्वर, बिघडलेलं यंत्र कसं रे वागतं? आकडा एकदा वर, एकदा खाली, असंच ना?"

"होय. कसाबी नाचतो."

"मग हा नाचायला न्हाई. हा पायरी पायरीनं खाली उतरायलाय. चल, गाडी काढ."

केंद्रात येऊन त्या सरळ टेबलापाशी गेल्या. यंत्राकडे त्यांनी पाहिलंही नाही. सकाळी वाटीतून काढलेले पहिल्या मुठीचे दाणे प्लास्टिकच्या पिशवीत पडले होते. त्यातला एक दाणा उचलून त्यांनी दाताखाली धरला. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आज सकाळपासून मात्र केलं नव्हतं, कारण बरणीवर सरकारी लाख होती. शिक्का दिसला की माणूस दाणा बघत नाही, हे त्यांना आता कळलं आणि स्वतःचाच राग आला.

वाळलेलं सोयाबीन दाताखाली कुडकन फुटतं. हा दाणा फुटला नाही. नुसता दबला.

"सृष्टी," रोहिणीबाई म्हणाल्या, "तुझं यंत्र खरं बोलायलंय. दाणाच ओला हाय."

५

"पण मावशी, लाख शाबूत होती!" सृष्टी ओरडलीच. "बंद बरणीत पाणी कुठून येणार?"

"बाहेरून आलंच न्हाई. सिताराम, बरण्यांचं कपाट दाखव."

इन्व्हर्टरची खोली लहानशी. भिंतीला लागून बॅटऱ्या मांडल्या होत्या आणि रंगाऱ्यांच्या घाईत लोखंडी जाळीचं कपाट थेट बॅटऱ्यांवरच चढवलेलं होतं. समोरच्या खिडकीत कूलर घरघरत होता. बॅटऱ्या तापू नयेत म्हणून लावलेला, पण त्याचं गार वारं कपाटाच्या वरच्या अंगाला लागत होतं आणि खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचतच नव्हतं. रोज भारनियमन, रोज बॅटऱ्यांना नव्यानं चार्जिंग.

रोहिणीबाईंनी एक बरणी काढून तळाला हात लावला आणि मग विरेशचा हात धरून तिथं टेकवला.

"गरम आहे," विरेश म्हणाला.

"आता झाकणाच्या आत बघ. उजेडाला धर."

काचेतून झाकणाची आतली बाजू दिसत होती. तिथं बारीक दव साचलं होतं.

"गोदामात हे आमी दर हिवाळ्यात बघायचो," रोहिणीबाई म्हणाल्या. "धान्य वाळलेलं म्हणलं तरी त्याच्या पोटात थोडं पाणी असतंच. एका बाजूनं ऊब लागली की ते वाफ होऊन निघतं आन् गार बाजूला जाऊन बसतं. पोत्यांच्या थप्पीला हात कुणी लावत न्हाई, दाराला कुलूप असतं, तरी वरचा थर ओला. नवे साहेब आले की आधी रखवालदारावर आळ घ्यायचे." सिताराम मान डोलवत राहिला. "या बरण्यांत आठ दिवस तेच झालंय. पाणी तेवढंच हाय, फकस्त वर चढलंय. सृष्टीनं पहिली मूठ वरून घेतली, तेरा पॉइंट चार. दुसरी जरा खालून, तिसरी आणखी खालून. आकडा उतरणारच."

"म्हणजे तळाला..." सृष्टी बोलता बोलता थांबली आणि पळत सुटली.

सरावाच्या बरणीत तिनं हात कोपरापर्यंत घालून तळाची मूठ काढली. वाटी, झाकण.

८.९.

मग तिनं पहिल्या मुठींचे दाणे परत बरणीत टाकले, बरणी परातीत उपडी केली आणि दोन्ही हातांनी, पीठ मळावं तसं, सगळं एकजीव केलं. मूठ घेतली.

१०.१.

पुन्हा घेतली. १०.२.

परमेश्वर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला, की रडायला, हे कुणालाच कळलं नाही. सृष्टी रोहिणीबाईंच्या गळ्यात पडली. सिताराम उगाचच किल्ल्यांचा जुडगा वाजवत येरझारा घालू लागला. दारातून मन्मथअप्पा म्हणाले, "शिव शिव! जीव भांड्यात पडला."

घड्याळात दीड वाजला होता.

विरेश पहिल्यांदाच मोकळं बोलला. "अजून तीन बरण्या आहेत. समितीही वरूनच मूठ घेणार. लाख न फोडता नुसत्या हलवून ठेवू. कुणाला काही कळायचं नाही."

सृष्टीनं डोळे पुसले. "हलवल्यानं पुरतं मिसळलं न्हाई तर? आन् मिसळलं तरी सर, उद्या शेतकरी उन्हात तापलेल्या पोत्यातून वरची मूठ घेईल, तवा कोण हलवायला जाणार हाय? आपण सांगू. जसं झालं तसं."

"ते म्हणतील, तुमचं केंद्र साधी बरणी नीट ठेवू शकत नाही."

"म्हणू द्या."

विरेशनं रोहिणीबाईंकडे पाहिलं. त्यांनी परातीतलं सोयाबीन गोळा करायला घेतलं. हा निर्णय त्यांचा नव्हता.

६

समितीच्या प्रमुख राजेश्री मॅडम. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सृष्टीनं सकाळचा सगळा प्रकार त्यांना उभ्या उभ्या सांगितला. तेरा पॉइंट चार सांगितलं, दव सांगितलं, कपाट कुठं ठेवलं होतं तेही सांगितलं. पडल्याचं परमेश्वरनं स्वतः सांगितलं.

मॅडमनी पहिली बरणी फोडली आणि मुद्दाम वरची मूठ घेतली. तेरा पॉइंट एक. दुसरी बरणी परातीत ओतून स्वतःच्या हातानं कालवली. दहा पॉइंट दोन. तिसरीतून वरची, मधली, खालची अशा तीन मुठी घेऊन तिन्ही आकडे वहीत लिहिले.

"वापरणाऱ्याला हे कळणार कसं?" त्यांनी विचारलं.

"यंत्रच सांगेल," सृष्टी म्हणाली. ती हे त्याच क्षणी विचार करून बोलत होती. "एक मूठ घेतल्यावर आकडा दाखवायचाच न्हाई. पोत्याच्या तीन जागच्या तीन मुठी मागायच्या, मगच सरासरी दाखवायची. आन् तिन्हींत फरक लय असंल तर लाल दिवा लावायचा."

"किती दिवस लागतील?"

"चार."

मॅडमनी वही मिटली. आठ दिवसांत कळवू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

गाडीची धूळ बसल्यावर सृष्टी विरेशपाशी गेली. "सर, सकाळी मी जे बोलले... चुकलं माझं. अप्पांचीबी माफी मागते."

विरेश कसनुसा हसला. "माझी मागू नकोस. तू निदान तोंडावर बोललीस. सितारामनं अप्पांचं नाव घेतलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं. स्वतःच्या बापाबद्दल."

म्हणून तो सकाळी गप्प होता. रोहिणीबाईंच्या मनातली शेवटची गाठ सुटली.

मन्मथअप्पा मागेच उभे होते. विरेशला ते ठाऊक नव्हतं. वळून पाहताच त्याची मान खाली गेली.

"मला माहीत होतं," अप्पा म्हणाले. "फोनवर तुझा आवाजच सांगायला होता. अरे, चाळीस वर्षं मोंढ्यात काढलेल्या माणसावर पोरानं शंका घेतली, यात नवल काय? खोटं ठरलं म्हणून आनंद झाला ना तुला? मग बास. चल, भुकेला असशील."

७

नवव्या दिवशी सकाळी पूर्णेला रोहिणीबाईंचा फोन वाजला. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. सून विचारून विचारून बेजार झाली होती, आणि त्या प्रत्येक वेळी म्हणत होत्या, मला काय झालंय?

फोनवर सृष्टी होती.

"बोल की गं! कागद आला का?"

"आला, मावशी."

"मग वाच."

"केंद्र आहे त्याच जागी, पुढची पाच वर्षं चालू ठेवण्याची शिफारस..." सृष्टी नाक पुसून पुढं वाचू लागली. "ओलावा मापक यंत्राची चाचणी येत्या हंगामात पाथरी, पूर्णा आणि परभणी या तीन तालुक्यांतल्या साठ गावांत घ्यावी. आन् मावशी, खाली हातानं एक ओळ लिहिलीय. मॅडमनीच लिहिली असंल. 'काय चुकलं ते आपणहून सांगणारं हे या दौऱ्यातलं पहिलंच केंद्र.' मावशी? ऐकायलाव ना?"

"ऐकायले."

"काही बोला की."

रोहिणीबाईंनी बोटं मोजायला घेतली. साठ गावं. त्यांनी मनातल्या मनात नावं आठवायला सुरुवात केली आणि दहाच्या पुढं डोळ्यांतल्या पाण्यानं काही सुचेना. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण उभ्याच होतो. त्या हळूच उंबऱ्यावर टेकल्या. आतून फोडणीचा खमंग वास आला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "ताट वाढ गं. आज दोन भाकरी खाणार हाय मी."